आधी छोटं खातं, मग मोबाइल : रोखीची सवय असलेल्या माणसांसाठी

माझी थोरली बहीण, आमची अक्का, बहात्तर वर्षांची आहे. साताऱ्याला एकटी राहते. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी ती मंडईतून रिकामी पिशवी घेऊन घरी आली. मेथीच्या दोन जुड्या, पाव किलो मिरच्या आणि आल्याचा तुकडा, एवढंच घ्यायचं होतं. पर्समध्ये पाचशेची नोट होती. भाजीवालीनं नोट बघितली आणि म्हणाली, "आजी, सकाळी सकाळी सुट्टे कुठले? स्कॅन करा की." तराजूला क्यूआर कोडचा पुठ्ठा टांगलेला होता. अक्काच्या हातात नातवानं दिलेला मोबाइलही होता, पण त्यावर ती फक्त व्हिडिओ कॉल घ्यायची. तिनं मेथी परत ठेवली. संध्याकाळी मला फोनवर म्हणाली, "पैसे असून भाजी मिळाली नाही गं."

मी ३१ वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच कॅश काउंटरवर. तिचं ते वाक्य मला फार लागलं. पुढचे दोन महिने दर शनिवारी मी साताऱ्याला जाऊन तिला कार्ड आणि मोबाइलनं पैसे द्यायला शिकवलं. त्यानंतर आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात वीस-बावीस जणांना शिकवलं. ज्या क्रमानं शिकवल्यावर माणसं घाबरली नाहीत, तोच क्रम इथे लिहिते आहे. हा लेख ज्यांना स्वतः शिकायचं आहे त्यांच्यासाठी आहे, आणि आईवडिलांना शिकवणाऱ्या मुलांसाठी तर जास्तच. एकच विनंती, पायऱ्या गाळू नका. बहुतेक घरांत मुलगा दिवाळीला येतो, दहा मिनिटांत ॲप टाकून देतो, "हे असं करायचं" म्हणतो आणि जातो. पुढे काय बिघडतं ते मी काउंटरच्या आतून वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

पैसे नेमके कुठे असतात

संघात पहिल्या दिवशी सगळ्यांनी विचारलेला प्रश्न हाच होता: "ॲपमध्ये पैसे टाकायचे कसे?" टाकायचे नसतात. यूपीआय म्हणजे मोबाइलवरून एका बँक खात्यातून थेट दुसऱ्या खात्यात पैसे पाठवायची पद्धत, आणि त्यात पैसे तुमच्या बँक खात्यातच असतात. ॲप म्हणजे त्या खात्याची खिडकी. तुम्ही स्कॅन करून पिन, म्हणजे तुमचा गुप्त आकडा, टाकला की तुमच्या बँकेला निरोप जातो, ती रक्कम वजा करते आणि समोरच्याच्या बँकेत ती जमा होते. मधला निरोप्या म्हणजे मुंबईची नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, जिला सगळे एनपीसीआय म्हणतात. म्हणून ॲप कुठल्याही कंपनीचं असलं तरी खातं तुमचंच राहतं, आणि ॲप काढून टाकलं तरी पैसे कुठे जात नाहीत. हे समजलं की निम्मी भीती जाते.

ही पद्धत ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत सुरू झाली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशभरात यूपीआयचे २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. भाजीवालीकडे सकाळी सुट्टे नसतात त्यामागचं कारण यातच आहे. रोख फिरेनाशी झाली की सुट्टेही फिरत नाहीत.

छोटं खातं

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा.

तुमची पेन्शन, एफडीचं व्याज, घर विकून आलेले पैसे ज्या खात्यात आहेत, ते खातं मोबाइलला जोडू नका. रोजच्या खर्चासाठी दुसरं बचत खातं उघडा. त्यात एका महिन्याचा किराणा, भाजी, औषधं, रिक्षा एवढेच पैसे ठेवा आणि मोबाइल व कार्ड त्याच खात्याचं वापरा. माझ्या आईकडे घरखर्चाचा पितळी डबा वेगळा असायचा आणि दागिने कपाटात असायचे. हिशोब तोच आहे. उद्या फोन चोरीला गेला, कार्ड हरवलं किंवा कुणी बोलता बोलता फसवलं, तरी नुकसान डब्यापुरतं राहील.

खातं उघडताना काही गोष्टी बघा. शक्यतो दुसऱ्या बँकेत उघडा आणि घराजवळच्या शाखेत, म्हणजे अडचण आली तर चालत जाता येईल. किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते आधी विचारा. शून्य शिल्लकीचं मूलभूत बचत खातं हवं असेल तर लक्षात ठेवा, ते असताना त्याच बँकेत तुम्हाला दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. छोट्या खात्याला एफडी जोडून घेऊ नका. काही बँका शिल्लक कमी पडली की एफडी आपोआप मोडून पैसे पुरवतात. एरवी ती सोय चांगली, पण इथे ती डब्याला तिजोरीची चावी बांधून ठेवल्यासारखी आहे. नॉमिनीचं नाव त्याच दिवशी लिहा. एसएमएस सुरू करून घ्या.

मोठ्या खात्यातून दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक रक्कम छोट्या खात्यात जावी, अशी स्थायी सूचना बँकेत देता येते. अक्काची दहा हजारांची आहे. मोठ्या खात्याचं डेबिट कार्ड पर्समध्ये नसतं, घरात असतं.

इथे स्त्रियांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. नोटाबंदी ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री जाहीर झाली आणि १० तारखेला बँका उघडल्या, तेव्हा मी काउंटरवर होते. त्या आठवड्यात कितीतरी बायका रुमालात बांधलेल्या पाचशेच्या नोटा घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. डाळीच्या डब्यातले, साड्यांच्या घडीतले, माहेरून मिळालेले, भाजीतून वाचवलेले पैसे. काहींचे नवरे बाहेर रांगेत उभे होते आणि त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या पैशांनी मुलीची फी भरली गेली असेल, आजारपण निघालं असेल. रोख कमी होत जाते तेव्हा बाईच्या हातातला हा पैसा आधी नाहीसा होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून सांगते, छोटं खातं तुमच्या एकटीच्या नावावर उघडा, आणि त्याला नोंदवलेला मोबाइल नंबर तुमच्या फोनमधल्या सिमचा असू द्या. आजही अनेक बायकांच्या खात्याला नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर जोडलेला असतो. मग दहा रुपयांच्या कोथिंबिरीचाही मेसेज त्यांच्या फोनवर जातो, आणि यूपीआय तर सुरूच करता येत नाही, कारण त्यासाठी बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये लागतं. नंबर बदलायचा अर्ज एका पानाचा असतो. शाखेत जा आणि भरा.

कार्ड टेकवणं

मोबाइलच्या आधी कार्ड शिकवते, कारण त्यात शिकण्यासारखं कमी आहे. कार्डावर आडव्या पडलेल्या लाटांसारख्या चार कमानी छापलेल्या असतील, तर ते मशीनला नुसतं टेकवून चालतं. मशीन आणि कार्ड यांच्यात अगदी जवळून, साधारण चार सेंटिमीटरच्या आत, बिनतारी बोलणं होतं.

घरी आलेल्या नव्या कार्डावर ही सोय बहुधा बंद असते. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२० मध्ये नियम केला की नवं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालेल. टेकवून पैसे देणं, ऑनलाइन खरेदी आणि परदेशातला वापर हे सगळं ग्राहकानं स्वतः सुरू करायचं. बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये कार्ड सेटिंग असतं, तिथे हे होतं. जमत नसेल तर शाखेत सांगा. तिथेच मर्यादाही ठरवता येते. नियमानं पिनशिवाय एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत टेकवून देता येतात. ही मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून आहे, त्याआधी २,००० होती. माझं स्पष्ट मत आहे की घरातल्या ज्येष्ठांनी ती एक हजारावर आणावी. औषधांच्या दुकानात बिल त्याहून जास्त झालं तर पिन टाकायचा, त्यात कमीपणा नाही. परदेश वापर बंदच राहू द्या. ऑनलाइन वापरही, गरज नसेल तर, बंद ठेवा.

दुकानात असं करा. दुकानदारानं मशीनवर रक्कम टाकली की आधी ती वाचा. दिसत नसेल तर चष्मा लावा, किंवा "किती टाकले?" असं मोठ्यानं विचारा. कार्ड त्याच्या हातात देऊ नका, स्वतः धरा आणि मशीनच्या पडद्याजवळ एक-दोन सेकंद टेकवून ठेवा. आवाज येतो, दिवा लागतो. झालं. पावती किंवा मेसेज बघूनच दुकानातून बाहेर पडा. पर्समध्ये दोन-तीन कार्डं एकत्र असताना सगळी पर्सच मशीनवर ठेवू नका, भलत्याच कार्डातून पैसे जाऊ शकतात.

"गर्दीत कुणी मशीन खिशाला लावून पैसे काढले तर?" हा प्रश्न हमखास येतो. मशीन बँकेनं ओळखपत्रं तपासून दिलेलं असतं आणि पैसे त्याच दुकानदाराच्या खात्यात जातात, त्यामुळे असा चोर लगेच सापडू शकतो. तरीही धाकधूक वाटत असेल, तर हजाराची मर्यादा आणि छोट्या खात्याचंच कार्ड, या दोन गोष्टी तिच्यावर पुरेशा आहेत.

मेट्रोसाठी जे प्रवास कार्ड मिळतं, त्यावर भरलेले पैसे कार्डावरच असतात. ते हरवलं तर सुट्टे हरवल्यासारखंच समजायचं. त्यात दोनशे-तीनशेच भरा.

मोबाइल, शनिवारी एकेक

पहिल्या शनिवारी मी अक्काला पैशांतलं काहीच शिकवलं नाही. फक्त फोनचं कुलूप. बोटाच्या ठशानं उघडणारं, आणि सोबत सहा आकडी नंबर. फोनला कुलूप नसेल तर पुढचं काहीही करू नका.

दुसऱ्या शनिवारी ॲप. ते फोनमधल्या प्ले स्टोअरवरून किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्यायचं, कुणी पाठवलेल्या लिंकवरून कधीही नाही. आम्ही भीम घेतलं. ३० डिसेंबर २०१६ रोजी आलेलं हे ॲप साधं आहे, मराठीत चालतं आणि त्यात कर्ज, सोनं, बक्षिसं यांची गर्दी कमी आहे. दुसरं घेतलंत तरी चालेल, पण भाषा आधी मराठी करा. सुरू करताना ॲप तुमच्या सिमवरून स्वतः एक एसएमएस पाठवतं, त्यातून बँकेला कळतं की हा फोन आणि हा नंबर एकाच माणसाच्या हातात आहेत. इथेच खूप जण अडकतात. सिमवर एसएमएस जाण्याएवढा रिचार्ज हवा, दोन सिम असतील तर बँकेत नोंदवलेलं सिम निवडायला हवं. मग बँक निवडायची. ॲप त्या नंबरची खाती दाखवतं, त्यातलं छोटंच जोडायचं. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्ड कधी संपतं तो महिना-वर्ष टाकला की ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा आकडा, एसएमएसनं येतो. तो टाकल्यावर यूपीआय पिन ठरवता येतो, चार किंवा सहा आकडी. कार्ड नसेल तर अनेक बँकांत आधारवरूनही हे होतं.

पिन जन्मसालाचा नको, फोनच्या कुलपाचाही नको. अक्कानं लहानपणीच्या आमच्या घराचा नंबर आणि त्यापुढे दोन आकडे असा केला होता, आणि आता बदलून वेगळा केला आहे, म्हणून इथे सांगते आहे. कागदावर लिहायचाच असेल तर कागद घरात ठेवा. फोनच्या कव्हरमध्ये कार्ड आणि पिनची चिठ्ठी एकत्र ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. काळजी वाटते.

तिसऱ्या शनिवारी एक रुपया. अक्कानं मला एक रुपया पाठवला, मी तिला परत पाठवला, असं अकरा वेळा केलं. दर वेळी मोठ्यानं वाचायचं: कुणाला, किती, पिन, झालं. या चार शब्दांची सवय जिभेला लागली पाहिजे. "कुणाला" या पायरीवर पडद्यावर नाव येतं, ते वाचल्याशिवाय रक्कम टाकायची नाही.

चौथ्या शनिवारी मंडई. त्याच भाजीवालीकडे. मी चार पावलं मागे उभी राहिले. अक्कानं कोड स्कॅन केला, नाव वाचलं आणि थांबली. भाजीवालीला विचारलं, "हे कुणाचं नाव आलंय?" ती म्हणाली, "माझ्या मुलाचं." मग अक्कानं चाळीस रुपये टाकले, पिन टाकला आणि तिथल्या छोट्या स्पीकरमधून रक्कम मोठ्यानं ऐकू आली. तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. नाव विचारायची लाज वाटू देऊ नका. दुकानाच्या कोडवर रात्रीत दुसराच कोड चिकटवून जाणारे भामटे असतात, तेव्हा तुमच्या प्रश्नानं दुकानदाराचंही भलं होतं.

सवय झाल्यावर यूपीआय लाइट सुरू करा. यात खात्यातून थोडे पैसे फोनमध्ये वेगळे काढून ठेवले जातात, जास्तीत जास्त ५,००० रुपये, आणि एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता देता येतात. मी स्वतः यात पाचशेच ठेवते. कॅशिअर म्हणून मला याचं आणखी एक सुख आहे: पासबुकात दहा-वीस रुपयांच्या ओळींची पानंच्या पानं भरत नाहीत, फक्त भरणा दिसतो. पण पिन नसल्यामुळे फोनचं कुलूपच इथलं रक्षण आहे. फोन बदलण्याआधी यूपीआय लाइट बंद करा, उरलेली रक्कम खात्यात परत जाते.

स्मार्टफोन नसेल तरी अडत नाही. साध्या फोनवरून *९९# लावून इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात, फक्त वेळ लागतो. आणि ज्यांना पिन लक्षात ठेवणं खरंच जमत नाही, त्यांच्यासाठी २०२४ मध्ये यूपीआय सर्कल नावाची सोय आली. मुलीच्या खात्यातून आई स्वतःच्या फोनवरून पैसे देते. एक तर मुलगी दर वेळी मंजुरी देते, नाहीतर महिन्याची मर्यादा ठरवून देते. सोय चांगली आहे. तरी ज्या आईला स्वतःचा पिन सांभाळता येतो, तिला तो सांभाळू द्या. मंजुरीची वाट बघत भाजीवालीसमोर उभं राहणं तिला आवडणार नाही.

पैसे अडकले तर

खात्यातून गेले आणि दुकानदाराला मिळाले नाहीत, हे कधीतरी होतंच. लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. ॲपच्या इतिहासात त्या व्यवहारापुढे काय लिहिलंय ते बघा. "प्रलंबित" असेल तर दुकानदाराला रोख द्या किंवा सामान बाजूला ठेवायला सांगा. नियम तुमच्या बाजूनं आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयनं माणसाला पाठवलेले पैसे त्याला पोचले नाहीत तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानाच्या व्यवहारात ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे उशीर झाला तर बँकेनं दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. हे शंभर रुपये हक्काचे आहेत, मागायला संकोचू नका.

तक्रार आधी ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन करा, मग शाखेत लेखी द्या आणि पोच घ्या. व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक अर्जात लिहा. त्याशिवाय काउंटरवरच्या माणसालाही काही शोधता येत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. चौकशीसाठी त्यांचा दूरध्वनी १४४४८.

चुकीच्या माणसाला पैसे गेले, तर मात्र गोष्ट अवघड होते. त्यानं संमती दिल्याशिवाय बँक ते परत ओढू शकत नाही. म्हणून "कुणाला" ही पायरी अकरा वेळा घोकून घेतली होती.

फसवणारे काय बोलतात

हे वाचताना घाबरू नका, पण घाई करू नका. एक वाक्य कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. स्कॅनही लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेलेच. जुना सोफा विकायला काढला, समोरचा म्हणाला "मी फौजी आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा", की तिथेच फोन ठेवायचा.

वीज मंडळाच्या नावानं मेसेज येतो, "आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर बोला." वीज कंपनी असं वैयक्तिक मोबाइल नंबरवरून करत नाही. लग्नाची पत्रिका किंवा वाहतुकीचा दंड म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके नावाची फाइल येते; ती उघडून बसवली की तुमचे एसएमएस दुसरीकडे वाचले जाऊ शकतात. कुणी "मदत करतो" म्हणून तुमच्या फोनचा पडदा त्याला दिसेल असं ॲप टाकायला सांगतो. बँकेचा किंवा गॅस एजन्सीचा नंबर गुगलवर शोधला आणि पहिलाच खोटा निघाला, असंही होतं. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो, तोच लावा. कुणी म्हणतं "चुकून तुम्हाला पाच हजार आले, परत पाठवा" आणि खोटा मेसेज दाखवतं; मेसेजवर नाही, खात्याची शिल्लक बघून विश्वास ठेवा.

आणि सगळ्यात क्रूर प्रकार, डिजिटल अरेस्ट. पोलिसाच्या वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या आधारवर गुन्हा आहे म्हणतो, कॉल बंद करू नका, घरच्यांना सांगू नका म्हणतो. आयुष्यभर प्रामाणिकपणे जगलेली माणसं याला बळी पडतात, कारण त्यांना पोलीस ठाण्याची पायरी चढायची लाज वाटते. भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक असं काही नाही. कॉल बंद करा आणि शेजाऱ्याचं दार वाजवा. आमच्या संघातल्या एका काकांना असा कॉल आला होता. त्यांच्या मोबाइलला छोटंच खातं जोडलेलं होतं, म्हणून पैसे पाठवायला बँकेत जावं लागलं, आणि शाखेतल्या मुलीनं "काका, एवढे कुणाला?" असं विचारलं. त्या एका प्रश्नानं ते वाचले. सगळं ॲपवर असतं तर तो प्रश्न विचारायला कुणी नसतं.

पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा. तो सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. लगेच बँकेला फोन करून खातं आणि कार्ड थांबवा. फोनच चोरीला गेला असेल तर सिमही बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं आहे की, ज्यात तुमचीही चूक नाही आणि बँकेचीही नाही असा बेकायदा व्यवहार कामकाजाच्या तीन दिवसांत कळवला, तर तुमच्यावर काही भार येत नाही. पण पिन किंवा ओटीपी तुम्ही स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून लाजेपायी एक रात्रही थांबू नका. घरच्यांनीही रागावू नये. रागावणाऱ्या मुलाला आई पुढच्या वेळी काही सांगत नाही.

महिन्यातून एकदा ॲपमधला ऑटोपे विभाग, म्हणजे पैसे आपोआप कापायला तुम्ही दिलेल्या परवानग्या, उघडून बघा. तुम्ही कधी तरी "फुकट महिना" म्हणून होकार दिलेला असतो, आणि पैसे दर महिन्याला जात राहतात.

घरात रोख किती

थोडी ठेवाच. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी भरलं तेव्हा वीज गेली, फोन बंद पडले, एटीएम बुडाली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरनंही तेच पाहिलं. अशा वेळी चालते ती नोट. अक्काच्या घरात दोन हजार रुपये असतात, सगळे दहा, वीस, पन्नास आणि शंभरात, प्लास्टिकच्या पिशवीत, वरच्या फळीवर. पाचशेची एकही नाही, कारण पूर आल्यावर तरी सुट्टे कोण देणार?

रोखीचा आणखी एक गुण होता, पैसे संपताना दिसायचे. टेकवताना आणि स्कॅन करताना ते दिसत नाहीत, म्हणून अक्का रात्री झोपण्यापूर्वी वहीत त्या दिवसाचे व्यवहार ॲप उघडून उतरवून घेते. पाच मिनिटं लागतात. त्यातच एकदा तिला दुधवाल्याला दोनदा पैसे गेल्याचं सापडलं.

आता ती मंडईत, औषधांच्या दुकानात, एसटीत, सगळीकडे मोबाइलनंच पैसे देते. फक्त देवळाबाहेरच्या फुलवालीला अजून हातात सुट्टे देते, आणि त्यासाठी दहाच्या नोटा मुद्दाम जमवून ठेवते. फुलवालीच्या टोपलीलाही क्यूआरचा पुठ्ठा आहे. पण अक्कानं एकदा स्कॅन करून नाव वाचलं, तर ते तिच्या नवऱ्याचं होतं. तेव्हा फुलवाली हळूच म्हणाली, "आजी, जमलं तर रोखच द्या." अक्कानं तिला माझ्याकडे पाठवलं आहे. पुढच्या शनिवारी आम्ही दोघी तिच्या नावाचं खातं उघडायला बँकेत जाणार आहोत. आधार, पॅन, दोन फोटो आणि तिच्या स्वतःच्या सिमचा फोन घेऊन ये, असं मी तिला सांगून ठेवलं आहे.